काळा तांदूळ रोजच्या भाताला चालतो का? वापरून बघितल्यावरचं माझं मत

सरळच सांगते. तुमच्या घरी रोज वरण-भात, आमटी-भात होत असेल आणि त्या पांढऱ्या भाताच्या जागी काळा तांदूळ आणायचा विचार करत असाल, तर नका आणू. घरचे दोन घास खातील आणि ताट सरकवतील. पण खीर करायची असेल, किंवा वाटीभर भात आणि भरपूर उसळ-भाजी असं चावून खायचं जेवण हवं असेल, तर जरूर घ्या, त्याच्यासारखी चव दुसऱ्या कुठल्या तांदळाला नाही. आमच्याकडे आता तो कायमचा भरलेला असतो, फक्त इंद्रायणीचा डबा काही हलला नाही.

आणायचं कारण बहुतेक घरांत असतं तेच. ह्यांची शुगर वाढली, डॉक्टरांनी भात कमी करा सांगितलं, आणि आमची माणसं मूळची मावळातली, दोन्ही वेळा चिकट मऊ वासाचा भात लागतोच, पोळी कितीही खाल्ली तरी शेवटी भाताचं विचारतातच. मग कोणी ब्राउन राइस सुचवला, कोणी वरी, कोणी काळा तांदूळ, त्यातला हा काळा मी बऱ्यापैकी मन लावून करून बघितला, वेगवेगळ्या ठिकाणचा आणला, म्हणून लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे काळा तांदूळ म्हणून बाजारात जे मिळतं ते सगळं एकच नसतं. सगळ्यात नावाजलेला मणिपूरचा चाक-हाओ, त्याला 2020 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात अमुबी, पोइरैतोन अशी नावं पॅकेटवर दिसतात. हा शिजला की चिकट होतो आणि वास सुंदर येतो. तिकडे तो रोजच्या भाताला नाही, सणासमारंभाच्या पंगतीत खिरीला वापरतात, आणि हे आधी माहीत असतं तर निम्म्या लोकांची निराशा झालीच नसती असं मला वाटतं, कारण आपण खिरीचा तांदूळ आणतो आणि त्याला वरण लावायला जातो. दुसरा तामिळनाडूचा करुप्पु कवुनी, चेट्टिनाडकडे लग्नकार्यात त्याचा गोड पदार्थ करतात, साखर-खोबरं घालून. म्हणजे बघा, तिथेही गोडच! उत्तर प्रदेशात चंदौलीकडे मणिपूरचं बियाणं नेऊन काळा तांदूळ लावतात, आणि आपल्याकडे मुळशीत, भंडाऱ्याकडे काही शेतकरी आता लावायला लागलेत. मला मिळालेला मुळशीकडचा तांदूळ मणिपूरच्यापेक्षा कमी चिकट होता, दाणा जरा लांब, वास कमी.

आणि एक गल्लत जपून. काळानमक नावाचा जो तांदूळ मिळतो, उत्तर प्रदेशातला, तो वेगळा. त्याचं साळीचं टरफल काळं असतं, आतला तांदूळ पांढराच. आपल्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याकडचा काळभात पण तसाच, टरफल काळं आणि दाणा पांढरा सुवासिक. दोन्ही उत्तम तांदूळ आहेत, काळभात मिळाला तर सोडू नका, पण काळ्या तांदळाचे म्हणून जे गुण सांगतात ते त्यांच्यात शोधू नका. दुकानातसुद्धा हे सरमिसळ करून सांगतात, विचारताना 'दाणा काळा आहे ना, टरफल नाही ना' असं स्पष्ट विचारायचं.

दाण्याचा काळा रंग सगळा वरच्या कोंड्यात असतो. जांभळाला, काळ्या द्राक्षाला, वांग्याच्या सालीला जो रंग असतो त्याच जातीचा, अँथोसायनिन म्हणतात त्याला. कोंडा काढला की आत पांढराच, म्हणून काळा तांदूळ हा नेहमी बिनपॉलिशचाच असणार. त्याचे फायदे तिथेच आणि त्रासही तिथेच. फायबर कोंड्यात, तेल कोंड्यात, आणि पाणी आत शिरू न देणारी भिंतसुद्धा कोंडाच.

शिजवण्याबद्दल. न भिजवता उघड्या पातेल्यात चाक-हाओ शिजायला 40-45 मिनिटं लागतात, आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तेवढा वेळ कोणाकडे असतो. रात्रभर भिजवलाच पाहिजे, निदान सहा-सात तास. आधी दोनदा पटकन धुवून घ्यायचा, चोळचोळून नाही, मग भिजत घालायचा आणि ते भिजवलेलं जांभळं पाणी टाकायचं नाही, त्यातच शिजवायचा, नाहीतर रंग आणि बऱ्याच चांगल्या गोष्टी मोरीत जातात. कुकरमध्ये भिजवलेल्या एका वाटीला दोन वाट्या पाणी, पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक आणि पंधरा-वीस मिनिटं तसाच, वाफ आपोआप उतरू द्यायची. झाकण काढलं की दाणे मधून फुटलेले दिसतात, बाहेरून जवळजवळ काळे, फुटलेल्या जागी आतला राखाडी-जांभळट गर. फुटला नसेल तर शिजला नाही समजा, चावताना बाहेरून रबरासारखा लागेल. वास मात्र त्या क्षणी असा येतो की स्वयंपाकघरात कोणीतरी डोकावतंच, भाजक्या धान्याचा खमंग वास, इंद्रायणीच्या वासाहून अगदी निराळा.

डाग पडतात. बोटं, जीभ, पांढरा पंचा, लाकडी कालथा, सगळं जांभळं. स्टीलला काही होत नाही. भांडं घासताना साबणाचं पाणी लागलं की तो जांभळा रंग निळसर-हिरवट होतो, घाबरायचं नाही, हा रंग आंबटात लालसर होतो आणि साबण-सोड्यात निळा-हिरवा. याचाच घरच्या घरी तपासायला उपयोग होतो. भिजवलेल्या पाण्यात लिंबू पिळा, पाणी गुलाबी-लालसर व्हायला हवं. जसंच्या तसं राहिलं तर मला तरी तो तांदूळ शंकास्पद वाटेल.

आता वरण-भाताचं. आम्ही तुरीचं साधं वरण, तूप, मीठ, लिंबू असं नेहमीसारखं वाढलं. पहिली अडचण दिसण्याची, जांभळ्यावर पिवळं पडलं की मातकट रंग येतो, लिंबू जिथे पडलं तिथे गुलाबी ठिपका, लहान मुलं हात लावत नाहीत. पण दिसण्याची सवय होते, ती खरी अडचण नाही. खरी अडचण अशी की हा भात कालवता येत नाही. आपण भात खातो तो मुळात कालवून खातो, बोटांनी जरा दाबला की दाणा मोडतो, वरण आत शिरतं, तूप सगळीकडे पसरतं आणि मग घास होतो. काळ्या भाताचा दाणा बोटाखाली मोडतच नाही, त्याला कोंड्याचं कवच आहे, वरण आजूबाजूने वाहतं आणि ताटात खाली जमा होतं. मग तुम्ही वरण वेगळं पिताय आणि भात वेगळा चावताय असं होतं. जास्त शिजवून बघितला, चिकट गोळा झाला पण साल तरीही वेगळीच लागते दाताला. मेतकूट-भात तर नाहीच नाही. सासूबाईंना कवळी आहे, त्यांना तो चावेचना, त्यांनी सांगितलं मला आपला नेहमीचाच दे, आणि मला ते पूर्ण पटलं, ह्या वयात जेवण म्हणजे कष्ट होता कामा नये. आजारी माणसाला, लहान बाळाला, पोट नाजूक असलेल्याला हा तांदूळ देऊ नका, त्यांना मऊ भातच बरा.

दही-भात त्यातल्या त्यात बरा झाला, रंगही छान फिका जांभळा येतो, वर कढीपत्ता-मिरचीची फोडणी, डाळिंबाचे दाणे. पण तो थंडगार वेगळा पदार्थ म्हणून, जेवणाच्या शेवटी पोट शांत करणारा दही-भात म्हणून नाही.

जिथे तो खरा उभा राहतो ते म्हणजे कोरडं, चावून खायचं जेवण. मटकीची किंवा मुगाची उसळ जरा अंगाबरोबर रसाची, वर कांदा, कोथिंबीर, ओलं खोबरं आणि बाजूला अर्धी वाटी काळा भात, हे कॉम्बिनेशन आमच्याकडे हिट आहे. उसळीचा दाणा आणि भाताचा दाणा दोन्ही चावायचे, कुणी कुणावर मात करत नाही. रात्रीचा उरलेला भात सकाळी कांदा-शेंगदाणे घालून फोडणीचा केला तर फारच छान, त्यासाठी मात्र कमी चिकट तांदूळ घ्या, चाक-हाओचा गिचका होतो. डब्याला पण चांगला, दुपारी एकपर्यंत भात कोरडा पडत नाही. आणि भूक लवकर लागत नाही हे माझ्या बाबतीत अगदी खरं आहे, अर्ध्या वाटीत पोट भरतं कारण चावण्यातच वेळ जातो.

मिसळून करायचा असेल तर तोही पर्याय आहे, कोरियात पांढऱ्या तांदळात मूठभर काळा घालून भात करतातच. एक भाग काळा, तीन भाग पांढरा. पण दोन्ही एकत्र कुकरला लावू नका, पांढऱ्याचा लगदा होईल आणि काळा कच्चा राहील. भिजवलेला काळा आधी अर्धवट शिजवून घ्यायचा आणि मग त्यात धुतलेला पांढरा घालायचा. कोलम चांगला लागतो यात, मोकळा राहतो. सगळा भात फिकट जांभळा होतो, दिसतो छान, पाहुण्यांना आवडतो. शुगरसाठी म्हणून करत असाल तर मात्र लक्षात घ्या की तीन भाग पांढराच आहे.

आता खीर. याच्यासाठी मी हा तांदूळ कधीच बंद करणार नाही. पाव वाटी चाक-हाओ रात्री भिजत घालायचा, सकाळी त्याच पाण्यात अगदी मऊ, दाणे उमलेपर्यंत शिजवायचा, डावाच्या पाठीने थोडे दाणे चेपायचे, आणि तो पूर्ण शिजल्यावरच दूध घालायचं. कच्च्यावर दूध घातलं तर तास तास ढवळत बसाल, दूध आटेल आणि तांदूळ तसाच राहील. लिटरभर दुधाला पाव वाटी पुष्कळ होतो, कारण तो चिकट असल्यामुळे खीर आपोआप दाट होते, आटवायचे कष्ट कमी. आधी दूध राखाडीसर दिसतं, वाटतं बिघडलं, पण उकळत गेलं की हळूहळू जांभळा रंग उतरायला लागतो आणि गार झाल्यावर तो असा काही खुलतो की वेगळा रंग घातलाय का असं सगळे विचारतात. साखर थोडी, वेलची अगदी चिमूटभर, केशर नकोच, तांदळाचा स्वतःचा वास इतका चांगला आहे की त्यावर काही लादायचं कारण नाही. दाणा दुधातही अख्खा राहतो, दाताखाली येतो, आपल्या पांढऱ्या तांदळाच्या खिरीत दाणा विरघळून जातो तसं होत नाही. गूळ घालायचा तर गॅस बंद करून, जरा निवल्यावर, नाहीतर दूध फाटतं. दुधाऐवजी नारळाचं दूध आणि गूळ घालून केलेली मला दुधाच्या खिरीपेक्षा जास्त आवडली. थायलंड-इंडोनेशियातही काळ्या चिकट तांदळाला नारळाचंच दूध घालतात, आणि कोकणातल्या माणसाला ही चव पहिल्या चमच्यात ओळखीची वाटेल. आमच्याकडे पितृपक्षाला मात्र पांढऱ्याच तांदळाची खीर केली, सासूबाई म्हणाल्या पितरांना जे आवडत होतं ते करावं, मला त्यात काही वाद घालावासा वाटला नाही.

पिठाचं थोडक्यात. घावन चांगले होतात, काळ्याचं पीठ निम्मं आणि साधं तांदळाचं निम्मं, जाळी छान पडते. आंबोळीही जमते. उकडीच्या मोदकाला नको, गणपतीत जांभळ्या मोदकांचे फोटो सगळीकडे फिरतात पण कोंड्याच्या पिठाची उकड तुटते, पारी पातळ होत नाही, कळ्या उभ्या राहत नाहीत. मोदकाला आंबेमोहोराची पिठी ती आंबेमोहोराची पिठी.

शुगरबद्दल, कारण बरेच जण त्यासाठीच वाचत असतील. पॅकेटवर काय काय लिहिलेलं असतं, वाचून वाटेल औषधच आहे. वजनावर मोजलं तर शंभर ग्रॅम कच्च्या काळ्या तांदळात साधारण 350 कॅलरी, पांढऱ्यातही जवळपास तेवढ्याच. मोठा भाग पिष्टच दोन्हीकडे. फरक आहे तो फायबरचा, थोड्या जास्त प्रोटीनचा, आणि साखर रक्तात सावकाश जाण्याचा. त्यामुळे काळा आहे म्हणून दोन वाट्या खाल्ल्या तर काही उपयोग नाही. आमच्या डॉक्टरांनी एकच सांगितलं, तांदूळ कुठलाही खा, वाटी मोजून खा आणि आधी उसळ-कोशिंबीर संपवा. ह्यांच्या बाबतीत काळ्या भाताचा खरा फायदा हाच झाला की तो भरभर खाताच येत नाही, त्यामुळे दुसरी वाटी मागितली जात नाही. ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्या, बिनपॉलिशच्या तांदळात फॉस्फरस, पोटॅशियम पांढऱ्यापेक्षा जास्त असतं.

किंमत ही मोठी गोष्ट आहे. मला चाक-हाओ साडेतीनशेच्या आसपास किलोने पडला, ऑनलाइन याहून महाग पण बघितला. इंद्रायणी सत्तरऐंशीत मिळतो. म्हणजे चार-पाच पट. जुनी वाणं, उतारा कमी, आणि मणिपूरहून इथपर्यंतची वाहतूक, त्यामुळे ही किंमत मला अन्यायाची वाटत नाही, उलट त्यातले जास्तीत जास्त पैसे शेतकऱ्याला मिळावेत असंच वाटतं, विशेषतः 2023 पासूनच्या हिंसाचारात मणिपूरच्या लोकांनी जे सोसलंय ते बघता. म्हणून शक्यतो मणिपूरच्याच लोकांच्या स्टॉलवरून किंवा तिथल्या शेतकरी कंपनीचं नाव असलेलं पॅकेट मी घेते. पण चार माणसांच्या घरात रोज दोन वेळा हा भात, हे मध्यमवर्गीय बजेटमध्ये बसत नाही हे मान्य केलं पाहिजे.

मग रोजच्या पांढऱ्या भाताला पर्याय काय? माझं उत्तर आपल्या कोकणातच आहे. लाल तांदूळ! सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडचा, हातसडीचा किंवा अर्धवट सडलेला. सावंतवाडीच्या आमच्या काकू तोच खात मोठ्या झाल्या, सकाळी पेज आणि दुपारी तोच भात. त्यालाही कोंडा आहे, फायबर आहे, पण तो मऊ शिजतो, कालवता येतो, माशाच्या कालवणाबरोबर, सोलकढीबरोबर, अगदी वरणाबरोबरही जातो. भिजवायला तास-दीड तास पुरतो. भाव काळ्याच्या निम्म्याहून कमी. आमच्याकडे आता आठवड्यातले बरेच दिवस हाच असतो आणि ह्यांनी कुरकुर न करता स्वीकारलाय, जी गोष्ट काळ्याच्या बाबतीत झाली नाही. इतकी वर्षं आपण त्याला गावाकडचा जाडा तांदूळ म्हणून बाजूला ठेवला आणि पॅकेटमधल्या ब्राउन राइसला दुप्पट पैसे मोजले, याचं मला खरंच वाईट वाटतं.

घ्यायचाच असेल तर काही गोष्टी बघून घ्या. पॅकेटवर भरडल्याची किंवा पॅकिंगची तारीख असली पाहिजे. एका दुकानातून आणलेलं माझं पॅकेट उघडल्याबरोबर खवट वास आला, तारखेच्या जागी नुसता शिक्का पुसलेला, दुकानदार म्हणाला काळ्याला असाच वास असतो. असा वास नसतो. कोंड्यात तेल असतं, ते जुनं झालं की खवट होतं, पांढऱ्या तांदळासारखा हा जुना करून खायचा तांदूळ नाही. दाण्यांवर पांढरे पट्टे जास्त दिसत असतील तर कोंडा घासला गेलाय, मग एवढे पैसे द्यायचे कशाला. अर्ध्या किलोच्या वर एकदम घेऊ नका, आणलात की हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर ठेवला तर पावसाळ्यात पोरकिडे लागायला वेळ लागत नाही. पहिल्यांदाच आणत असाल तर भात लावूच नका, आधी खीर करा.